तुरुंगातल्या भिक्खूसाठी पत्र लिहायचं, तर आधी आवक रजिस्टर समजून घ्या

सरकारी कचेरीत आलेल्या कागदाचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. टपाल खात्यात ३४ वर्षं मी तेच केलं. लिफाफा फोडायचा, तारखेचा शिक्का मारायचा, आवक रजिस्टरात क्रमांक टाकायचा, विषयाच्या रकान्यात एक ओळ लिहायची, कागद कोणत्या टेबलाकडे गेला ते लिहायचं. एकदा क्रमांक पडला की त्या कागदाला कोणीतरी निकाली काढावंच लागतं. काहीच करायचं नसेल तरी 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून खाली सही करावी लागते. क्रमांक पडूच नये म्हणून कागद कसा टेबलाखाली सरकवतात, तेही मी पाहिलंय.

२०१४ ला निवृत्त झाले. त्यानंतर आम्ही सहा-सात जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उत्तर नागपुरातल्या एका विहाराच्या अभ्यासिकेत बसून पत्रं लिहायला लागलो. भिक्खू, पाद्री, बिशप, कोणत्याही पंथाचा माणूस असो, धर्माचं काम केलं म्हणून ज्याला त्याच्याच सरकारनं उचललं, त्याच्यासाठी. नोकरीत असताना मी असलं एकही पत्र लिहिलं नाही, हे आधीच सांगते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. परराष्ट्राशी आपल्या सरकारचे संबंध अडचणीत येतील असं विधान जाहीरपणे करायचं नाही, असा त्यात स्पष्ट नियम आहे. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणाला सही करू द्या. बाकी कोणालाही परदेशी वकिलातीला सभ्य शब्दांत पत्र लिहायला या देशात बंदी नाही.

आमची सुरुवात स्वेटरपासून झाली. हिवाळा लागला की नागपुरात तिबेटी लोक गरम कपड्यांचे स्टॉल लावतात. त्यातले बरेच दुरून येतात, पण काही आपल्या विदर्भातलेच आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ प्रतापगडला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची, १९७० च्या दशकात वसलेली. तिथली एक बाई दरवर्षी माझ्या नातवासाठी टोपी बाजूला काढून ठेवते. तिच्या गल्ल्याच्या मागे एका पोराचा फोटो चिकटवलेला असायचा. लाल गाल, समोर रोखून बघणारे डोळे, असेल पाच-सहा वर्षांचा. मी विचारलं, "नातू का तुमचा?" ती हसली. "नाती नहीं दीदी. ये तो अभी पच्चीस साल का है."

तो गेधुन चोएकी न्यिमा. जन्म २५ एप्रिल १९८९. पंचेन लामा म्हणजे तिबेटी बौद्धांमध्ये दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, ते पुन्हा जन्माला येतात असं मानतात. १४ मे १९९५ ला दलाई लामांनी हा पोरगा अकरावा पंचेन लामा असल्याचं जाहीर केलं आणि तीनच दिवसांनी, १७ मे ला, चिनी अधिकाऱ्यांनी त्याला आईवडिलांसकट नेलं. सहा वर्षांचं पोर. त्याला शोधून काढणाऱ्या समितीचे प्रमुख, ताशी ल्हुन्पो मठाचे चाद्रेल रिन्पोचे, त्यांनाही पकडलं आणि १९९७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी, १९९५ च्या शेवटीच, सरकारनं आपला वेगळा पंचेन लामा गादीवर बसवला. गेधुनचा त्यानंतरचा एकही फोटो जगासमोर आलेला नाही, म्हणून गल्ल्यामागे अजून तोच.

ती टोपी घेऊन घरी आले आणि रात्री मला नोकरीतलंच सुचलं. या पोराच्या नावानं दिल्लीत कोणाच्या तरी आवक रजिस्टरात क्रमांक पडायला पाहिजे.

तर पद्धत अशी.

माणूस निवडताना भावनेच्या भरात जाऊ नका. ज्याची अटकेची तारीख, आरोप आणि शिक्षा या तिन्ही गोष्टी दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळतात, असाच माणूस घ्या. दुसरं ठिकाण म्हणजे पहिल्याचीच नक्कल नको, एवढं बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोवर तर एक अक्षरही लिहू नका. उदाहरण सांगते. चीनच्या चेंगदू शहरातले पास्टर वांग यी. ९ डिसेंबर २०१८ ला ताब्यात घेतलं, ३० डिसेंबर २०१९ ला राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याच्या आरोपाखाली नऊ वर्षांची शिक्षा. निकाल न्यायालयानंच जाहीर केला, म्हणजे समोरच्याला 'असं काही घडलंच नाही' म्हणायची सोय उरत नाही. असं प्रकरण लिहायला सोपं.

माणसाचं पद काय लिहायचं यावरून आमच्याकडे दोन रविवार गेले. इराणमधल्या बहाई या अल्पसंख्य धर्माच्या समाजाची 'यारान' म्हणून सात जणांची समिती होती. २००८ मध्ये सातही जणांना पकडलं. त्यातल्या महवश साबेत आणि फरीबा कमालाबादी दहा वर्षं तुरुंगात काढून २०१७ मध्ये सुटल्या. ३१ जुलै २०२२ ला दोघींना पुन्हा उचललं आणि पुन्हा दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. आमच्या मसुद्यात कोणीतरी त्यांना 'धर्मगुरू' लिहिलं होतं. पण बहाईंमध्ये पुरोहित नसतातच! असं चुकीचं पद लिहिलं की तिकडचा कारकून खूश होतो. 'अशी व्यक्ती आमच्याकडे नाही' हे उत्तर त्याला आयतं मिळतं. उलट आफ्रिकेतल्या एरिट्रियाचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, अँटोनिओस यांच्या बाबतीत 'पॅट्रिआर्क' हा शब्द गाळणं म्हणजेच सरकारची बाजू घेणं होतं. २००६ मध्ये सरकारच्या दबावाखाली त्यांना त्या पदावरून काढलं, पुढे नजरकैदेत ठेवलं, आणि ९ फेब्रुवारी २०२२ ला ते गेले तेही नजरकैदेतच. तिथे भांडणच त्या शब्दाचं होतं. मी केलेला नियम असा : विषयाच्या ओळीत कागदोपत्री नाव आणि जन्मतारीख, पद मजकुरात एकदाच.

आमच्यातले एक सर गुरुदेव सेवा मंडळाचे जुने कार्यकर्ते. चिनी सरकार एका म्हाताऱ्या भिक्खूला इतकं का घाबरतं, असं एका पोरीनं विचारलं, तेव्हा त्यांनी तुकडोजी महाराजांची गोष्ट सांगितली. १९४२ च्या आंदोलनात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली, नागपूर आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. सर म्हणाले, "इंग्रजांचं खंजिरीशी वैर थोडंच होतं, पोरी? खंजिरी वाजली की पाच हजार माणूस गोळा होते, त्याचं दुखणं होतं." भजन वाईट असं कोणतंच सरकार म्हणत नाही, भजनाला जमलेल्या गर्दीचा मालक कोण हा त्यांचा प्रश्न असतो. चीननं तर तो कायद्यातच लिहून टाकला. १ सप्टेंबर २००७ पासून तिथे आदेश क्रमांक ५ लागू आहे. कोणता लामा पुन्हा जन्माला आला हे ठरवायला सरकारची मंजुरी लागते. पुनर्जन्मावर विश्वास नसलेल्या पक्षाचा पुनर्जन्माला परवाना! मी खात्यात खूप फॉर्म पाहिले, पण हा फॉर्म बघायला मिळाला तर फ्रेम करून लावीन.

आता पत्र कोणाला पाठवायचं. तुरुंगाचा पत्ता पक्का असेल तर तुरुंगाधिकाऱ्याला आणि प्रत वकिलातीला. पत्ता नसेल, जसा फोटोतल्या त्या पोराचा नाही, तर थेट वकिलातीला. चीनची वकिलात दिल्लीत चाणक्यपुरीत शांतिपथावर आहे, पिन ११००२१. बीजिंगला राष्ट्राध्यक्षांना लिहू नका. हौस म्हणून लिहायचं तर लिहा, पण मोठ्या साहेबाच्या नावानं आलेली पत्रं पोत्यानं येतात आणि पोत्यानंच जातात. वकिलातीत माणसं कमी असतात. टपाल फोडणारा तिथे एक किंवा दोघे. आपलं गिऱ्हाईक तो.

म्हणून पत्र त्याच्यासाठी लिहा. त्याच्याकडे विषयाचा एकच रकाना आहे, त्यात एकच ओळ मावते. तुम्ही पत्रात तीन मागण्या केल्या तर त्याला ते तीन टेबलांवर धाडावं लागेल, आणि तीन टेबलांचा कागद म्हणजे कोणाचाच नाही. सरांनी पहिल्यांदा लिहून आणलेलं पत्र दोन पानी होतं. त्यात सम्राट अशोक होता, पंचशील करार होता, 'जुलमी राजवटीचा धिक्कार असो' होतं आणि शेवटून दुसऱ्या ओळीत मुलाचं नाव. मी लाल पेन घेऊन अशोकापासून सुरुवात केली. सर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण शिवी असलेलं पत्र 'आक्षेपार्ह' म्हणून बाजूला काढता येतं, त्याला क्रमांक द्यावा लागत नाही. सभ्य, सही असलेल्या, एका मागणीच्या पत्राची पंचाईत हीच असते की ते फेकायला कारण सापडत नाही.

आम्ही सध्या वापरतो तो मसुदा देते. मराठीत विचार करून लिहा, मग इंग्रजीत किंवा हिंदीत करून पाठवा.

"विषय : गेधुन चोएकी न्यिमा, जन्म २५ एप्रिल १९८९, यांच्या ठावठिकाण्याबाबत.

महोदय,

वरील व्यक्ती आणि त्यांचे आईवडील १७ मे १९९५ पासून लोकांसमोर आलेले नाहीत. मे २०२० मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी सांगितले की, ते पदवीधर आहेत, नोकरी करतात आणि आपल्याला कोणी त्रास देऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. ही इच्छा त्यांनी स्वतः व्यक्त करावी, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीस त्यांना एकांतात भेटू द्यावे, अशी विनंती आहे.

या पत्राचा आवक क्रमांक कृपया कळवावा.

आपली,"

खाली नाव, वय, पूर्वीचा किंवा आत्ताचा व्यवसाय, नागपूर. व्यवसाय जरूर लिहा. 'सेवानिवृत्त टपाल कर्मचारी', 'शिवणकाम', 'बी.एस्सी. दुसरं वर्ष' असं लिहिलेलं असलं की पत्र छापील मोहिमेतलं वाटत नाही. झेरॉक्स काढून खाली पन्नास सह्या करू नका. पन्नास सह्यांच्या एका कागदाला एकच क्रमांक पडतो. सात जणांनी आपापल्या हातानं, आपापल्या शब्दांत लिहिलेल्या सात कागदांना सात.

मसुद्यातली मे २०२० ची ओळ मी मुद्दाम ठेवलीय. त्यांचंच वाक्य त्यांच्यापुढे ठेवायचं. १९९६ मध्येही चीननं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला सांगितलं होतं की, पालकांच्या विनंतीवरून मुलगा सरकारी संरक्षणात आहे. चोवीस वर्षांच्या अंतरानं दोन उत्तरं, दोन्ही विचारल्यावर आलेली. कोणी विचारलंच नसतं तर एवढंही आलं नसतं.

कायद्याचा आधार टाकायचा का? एक ओळ, जास्त नाही. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं कलम १८, १० डिसेंबर १९४८ : विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य, धर्म बदलण्याचंही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९६६ चा, त्यातही कलम १८ च. पण देश बघून लिहा. इराणनं तो करार १९७५ मध्येच मान्य केलाय, तेव्हा इराणला 'आपण स्वीकारलेल्या कराराप्रमाणे' असं लिहिता येतं. चीननं १९९८ मध्ये सही केली पण मंजुरी अजून दिलेली नाही, म्हणून तिथे हे वाक्य लिहिलंत की कारकुनानं लगेच चूक दाखवावी.

माझी स्वतःची चूक सांगायची राहिली. तेन्झिन देलेक रिन्पोचे म्हणून एक तिबेटी लामा होते. अनाथ मुलांसाठी, म्हाताऱ्यांसाठी त्यांनी खूप काम केलं होतं. २००२ मध्ये एका बॉम्बस्फोटाच्या आरोपात त्यांना पकडलं, आरोप ते कायम नाकारत राहिले. आधी स्थगित मृत्युदंड, मग जन्मठेप. ते आजारी होते, म्हणून उपचारासाठी सोडा असं पत्र आम्ही केलं. मसुदा झाला १२ जुलै २०१५ च्या रविवारी. मग टायपिंग, मग एकाची सही राहिली, मग पाऊस. पत्र पोस्टात पडायला नऊ दिवस गेले. ऑगस्टच्या रविवारी मोहननगरहून येणाऱ्या आमच्या शिक्षिका बाई कात्रण घेऊन आल्या. रिन्पोचे चेंगदूच्या तुरुंगात वारले होते. १२ जुलैलाच. आम्ही चहा पीत 'उपचार' की 'औषधोपचार' असा शब्द घोळवत होतो तो दिवस. घरच्यांनी मागूनही पार्थिव त्यांना दिलं नव्हतं, तिकडेच दहन करून टाकलं होतं. आणि आमचं सभ्य, एका मागणीचं पत्र त्यांना सोडा म्हणत दिल्लीला पोचलं होतं. त्या कारकुनानं आमच्या पत्रावर काय शेरा मारला असेल ते मी डोळे मिटूनही सांगू शकते.

तेव्हापासून पोस्टात टाकायच्या दिवशी, घरातून निघताना, नाव पुन्हा एकदा शोधायचं. लिहिलेल्या दिवशी बघितलं होतं ते चालत नाही.

कैद्याला थेट पत्र लिहायचं तर सगळंच उलटं. तिथे मागणी नको, सरकारचं नाव नको, संघटनेचं नाव नको, 'आम्ही तुमच्यासाठी लढतोय' तर नकोच. ते पत्र आधी तुरुंगातला माणूस वाचणार आणि त्याचा राग कैद्यावर निघणार. छोटं लिहा. हवापाणी, झाडं, घरातलं मांजर. आमच्या बाई संत्र्याच्या बागेवर लिहितात : मृग बहार, आंबिया बहार, यंदा फळगळ किती. चित्राचं पोस्टकार्ड सगळ्यात बरं, उघडं असल्यामुळे त्यावर संशय येत नाही. रशियात २० एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं यहोवाचे साक्षीदार या पंथावर अतिरेकी म्हणून बंदी घातली. त्यानंतर त्यांचे अनेक लोक तुरुंगात गेले. त्यांना लिहायचं तर रशियनमध्येच लिहावं लागतं, तिथला सेन्सॉर दुसऱ्या भाषेतला कागद पुढे जाऊ देत नाही. चार साधी वाक्यं रशियन जाणणाऱ्याकडून एकदा तपासून घ्या आणि तीच हातानं उतरवा. पैसे, तिकिटं, फुलाची पाकळी, दोरा, काहीही आत घालू नका. आणि कैद्याच्या घरच्यांनी गाजावाजा नको म्हटलं असेल तर तिथे आपण थांबायचं. घरच्यांपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं समजू नका.

कोणी पैसे मागितले तर? पंथाच्या नावानं, वकिलाच्या नावानं, ईमेलवरून. एक रुपयाही नाही. आमचा खर्च आम्हीच वाटून घेतो आणि बाहेरून आम्ही काही घेत नाही.

आता टपाल. इथे मला थोडं लांबण लावू द्या. वकिलातीचं पत्र दिल्लीतच जातं, देशी टपालानं. रजिस्ट्री आता स्पीड पोस्टात विलीन झालीय, तेव्हा स्पीड पोस्ट करा आणि पावती सांभाळा. पोचल्याची नोंद ऑनलाइन दिसते, त्याचं चित्र त्याच दिवशी काढून ठेवा. परदेशात जाणाऱ्या पत्रासाठी त्या देशाला कोणती सेवा चालू आहे आणि दर काय, ते दर वेळी काउंटरवर विचारा, दर बदलत असतात. लिफाफ्यावर देशाचं नाव सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत, इंग्रजीत. परत पाठवण्याचा पत्ता मागच्या बाजूला. रंगीत लिफाफा नको, घोषणा नको, झेंडा नको. वीजबिलासारखा दिसणारा लिफाफा सगळीकडे पोचतो.

आणि परत आलेलं पत्र फेकू नका! जागतिक टपाल संघ १८७४ पासूनचा, त्याची भाषा फ्रेंच. परत येणाऱ्या पाकिटावर एक चिकटपट्टी असते, तिच्यावरच्या चौकटीत खूण केलेली असते. 'आंकोन्यू' म्हणजे या नावाचं कोणी नाही. 'नॉं रेक्लामे' म्हणजे कोणी न्यायला आलं नाही. 'रफ्यूझे' म्हणजे घ्यायला नकार दिला. मला सगळ्यात आवडतं ते 'रफ्यूझे'. नकार द्यायला माणूस तिथे असावा लागतो, पाकीट हातात घ्यावं लागतं, नाव वाचावं लागतं. आमच्याकडे अशी तीन पाकिटं आहेत, न फोडता ठेवलेली.

वेळही बघा. मानवी हक्क दिनाला, १० डिसेंबरला, पत्र पाठवू नका. त्या दिवशी सगळं जग पाठवतं, आणि ढिगाऱ्याला एकत्रित नोंद होते, हे मी स्वतः केलेलं आहे. रटाळ महिना निवडा. ऑगस्टचा दुसरा आठवडा, पितृपंधरवडा असं काही. टेबल रिकामं असतं, कारकून कंटाळलेला असतो, तो वाचतो. अपवाद एकच : २५ एप्रिल. त्या दिवशी मात्र आम्ही वाढदिवसाचं कार्ड पाठवतो, 'द्वारा, चिनी वकिलात' असं लिहून. काउंटरवरच्या नव्या पोरानं एकदा विचारलं, "मॅडम, हे राहतात कुठे?" मी म्हटलं, "बाळा, तेच विचारतोय."

संयुक्त राष्ट्रांकडेही लिहिता येतं. मनमानी अटकेवर काम करणारा त्यांचा गट १९९१ पासून आहे, धर्म आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्यासाठी विशेष प्रतिवेदकाचं, म्हणजे चौकशी करून अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाचं, पद १९८६ पासून. ठरलेला प्रश्नावलीचा नमुना असतो. पण त्यात घरच्यांची किंवा वकिलाची संमती लागते, तेव्हा तो उद्योग नागपुरात बसून एकट्यानं करण्यासारखा नाही. ज्यांच्याकडे ती संमती आहे त्यांना टायपिंगची मदत करा.

नवीन माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी विचारतोच, "दुनियेचं काहून पाहता जी, आपल्या घरचं पाहा ना." बरोबर आहे. मी त्याला १९५६ ची दोन पानं दाखवते. त्या साली नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला सरकारनं न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगींची समिती नेमली होती, तिचा अहवाल त्याच वर्षी आला. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला याच शहरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. त्यांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी हे ब्रह्मदेशातून आलेले भिक्खू होते, म्हणजे परदेशी धर्मगुरूच म्हणा. मी दोन वर्षांची होते, वडिलांच्या खांद्यावर. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशानं धर्मांतराची सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्याला देण्याची अट कायद्यात घातली. मी विचारते, हीच अट १९५६ ला नागपुरात असती तर लाखो माणसांच्या सूचना कोणत्या खिडकीवर स्वीकारल्या असत्या? आवक क्रमांक टाकायलाच दहा वर्षं लागली असती. तेव्हा घरचंही लिहा, मुख्यमंत्र्यांना, राज्यपालांना, त्याच पद्धतीनं, एक विषय, एक सही. आमचे निम्मे कागद घरचेच असतात. पण घरचं सुटेपर्यंत त्या पोराचं पत्र थांबवायचं, हे मला पटत नाही.

फळ मिळतं का? निकाराग्वाचे बिशप रोलांदो आल्वारेझ. ९ फेब्रुवारी २०२३ ला सरकारनं २२२ कैदी विमानात बसवून देशाबाहेर काढले. यांनी विमानात बसायला नकार दिला. दुसऱ्याच दिवशी २६ वर्षांची शिक्षा झाली आणि नागरिकत्व काढून घेतलं. १४ जानेवारी २०२४ ला त्यांना सोडून व्हॅटिकनकडे पाठवलं. आमची चार पत्रं गेली होती. ती रोमच्या वाटाघाटींमुळे सुटका झाली, आमच्यामुळे नाही, एवढी अक्कल आम्हाला आहे. तरी पुढच्या बैठकीच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना बालूशाही आणली, आणि सरांनी माझ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली होती त्याला आता इतकी वर्षं झाली तरी मीच दोन जास्त खाल्ल्या म्हणून टोमणा मारला.

शेवटचं काम जावक रजिस्टर. दोनशे पानी वही घ्या, रेघा मारा : क्रमांक, तारीख, नाव, कोणाला, पावती क्रमांक, उत्तर. 'उत्तर' हा रकाना अरुंद ठेवला तरी चालतो. आमच्या वहीत त्या रकान्यात एकच गोष्ट चिकटवलेली आहे. परदेशी रजिस्टर्ड पत्राला पोचपावतीचं गुलाबी कार्ड लावायचे, सीएन ०७ हा नमुना क्रमांक छापलेलं. एका तुरुंगाधिकाऱ्याला पाठवलेल्या पत्राचं ते कार्ड सात महिन्यांनी परत आलं. तारखेचा शिक्का पुसट, खाली निळ्या शाईत सही. भिंगातून पाहिली, चार जणांनी पाहिली, अक्षर लागत नाही. पण घाईची सही नाही ती, सावकाश केलेली आहे, शेवटी टिंबसुद्धा दिलंय.

पुढचा क्रमांक ११८. येणार असाल तर दुसऱ्या रविवारी, सकाळी दहाला. पेन इथे आहेत. डिंक मात्र आपापला आणा, काउंटरवरच्या वाटीतला दिल्लीपर्यंत टिकत नाही.